गळा नाही म्हणणाऱ्यांसाठी: सुरापर्यंत जायची वाट

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी पहिल्यांदा गेलो तो तंबोरा विकत घ्यायला. वय 27, नोकरी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात, आणि गाण्याची शिकवणी लावून जेमतेम दोन महिने झालेले. दुकानातल्या वयस्कर कारागिरांनी भोपळ्यावरचा हात न काढता विचारलं, "पट्टी कुठली तुमची?" म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरून गाता. मला सांगता येईना. "बरं, सा लावून दाखवा." त्यांनी छेडलेल्या तंबोऱ्यावर मी सा लावला. तो भलतीकडेच गेला. त्यांनी पुन्हा छेडलं, मी पुन्हा लावला, पुन्हा तेच. चार वेळा झाल्यावर ते म्हणाले, "इतक्यात घेऊ नका. सुट्टीच्या दिवशी येऊन बसत जावा इथं. आम्ही तारा मिळवतो तेव्हा नुसतं ऐका. गाऊ नका."

दोन महिने मी दर रविवारी तिथं जाऊन बसलो. खुंटी पिळताना तार सुराच्या जवळ कशी येते, थोडी पुढं जाते, तारेत ओवलेला मणका सरकवला की नेमकी कशी जाऊन बसते, हे ऐकत राहिलो. नवव्या की दहाव्या रविवारी एक तार लागायच्या आधीच मला कळलं की ती अजून उतरलेली आहे. गाण्यात मला काही येऊ शकेल, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

याला आता 22 वर्षं झाली. मी मैफलीत गातो, नाट्यसंगीताचे कार्यक्रम करतो, संध्याकाळी शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक पहिल्याच दिवशी म्हणतात, "सर, आम्हाला गळा नाही, पण हौस आहे." हा लेख त्यांच्यासाठी आहे. उपजत गोड गळ्याच्या माणसाला यातलं बरंच आपोआप येतं. आपल्याला ते क्रमाने करावं लागतं, आणि क्रम चुकला की वर्षं वाया जातात. माझी पहिली दोन गेली.

आधी कान तपासा

कुणाला तरी पेटीवर एखादी आरती वाजवायला सांगा. शब्द नकोत, नुसती चाल. ओळखता आली? मग तीच आरती पुन्हा वाजवताना मध्ये एक सूर मुद्दाम चुकीचा घ्यायला सांगा. तिथं खटकलं? खटकलं असेल तर तुमचा कान शाबूत आहे. चढा सूर आणि उतरलेला सूर यांतला फरक ज्यांना खरोखरच कळत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी. स्वतःला बेसूर म्हणवणारे बहुतेक जण त्यांच्यातले नसतात. त्यांना सूर ऐकू येतो, फक्त तो गळ्यातून काढायची सवय झालेली नसते.

गळ्यात पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. स्वरयंत्रातल्या दोन नाजूक पडद्यांवर स्नायूंचा ताण जितका, तितका सूर वर. तो ताण डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. कानाने ऐकायचं, चूक ओळखायची आणि पुढच्या वेळी किंचित बदलायचं, एवढाच मार्ग. सायकल शिकताना तोल सापडतो तसाच सूर सापडतो. म्हणून पहिले सहा महिने मेहनत कानाची.

आपल्याच भागातला दाखला देतो. गायक सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ. जन्म 1886 चा. वयात येताना त्यांचा आवाज फुटला तो चांगला जाड आणि हट्टी झाला. त्यांचे गुरू खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा तलम गळा त्यांना मिळालेला नव्हता. त्यांनी तो खाँसाहेबांच्या तालमीत वर्षानुवर्षं घासून घडवला. पुढे नाव झाल्यावरही मैफलीच्या सुरुवातीला त्यांचा आवाज मोकळा व्हायला वेळ लागायचा, हे जुने श्रोते सांगत आलेले आहेत. तो एकदा लागला की लोक जागचे हलत नसत.

पट्टी ठरवा

नवशिक्यांची सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज सुधारता येण्याजोगी चूक इथं होते. गाणं मोबाइलवर लावायचं आणि मूळ गायिकेच्या किंवा गायकाच्या पट्टीत ओढून ताणून गायचं. तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, शिरा ताणल्या जातात, खाली आवाज पोहोचत नाही, आणि माणूस ठरवून टाकतो की आपल्याला गळा नाही.

पेटीपाशी बसा. तुम्ही जेवताना, गप्पा मारताना ज्या उंचीवर बोलता, त्याच्या आसपासचा एखादा सूर सा धरा. त्या सा पासून खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातला प) आणि वर तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) मान न ताणता जाता आलं, तर ती तुमची पट्टी. खाली आवाज मरत असेल तर एक पट्टी वर जा, वर किंचाळायला होत असेल तर खाली या. पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी म्हणजे काळी एक, दुसरी पांढरी म्हणजे पांढरी दोन. साधारण पुरुषांची काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास आणि बायकांची पांढरी चार ते काळी पाचच्या दरम्यान बसते, पण हा अंदाज आहे. काळी एकच्या खाली गाणारे पुरुषही उत्तम गातात. शेजारच्याची पट्टी उंच म्हणून आपली चढवू नका.

तंबोरासुद्धा पट्टी ठरल्यावरच घ्यायचा. पुरुषी तंबोऱ्याचा भोपळा आणि दांडी मोठी, जनानी तंबोऱ्याची लहान, आणि तारांची जाडी पट्टीप्रमाणे बदलते. त्या कारागिरांनी मला परत पाठवलं त्यामागे हेही होतं.

तीन महिने फक्त सा

इथं बहुतेक जण पळ काढतात, म्हणून इथंच जास्त सांगतो.

तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या मध्य षड्जाच्या, म्हणजे मधल्या सा च्या, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी काढलेली असते, त्यामुळे तार नुसती टणत्कारत नाही, गुंजते. चांगला मिळवलेला तंबोरा शांत खोलीत ऐका. खर्जाच्या तारेतून, कुणी छेडलेला नसताना, गंधार ऐकू येतो. मला तो ऐकू यायला दीड महिना लागला. तुम्हाला आला नाही तर घाबरू नका, पण रोज शोधा. गंधार शोधणारा कान सा चुकवत नाही.

खरा तंबोरा सुरुवातीला नसला तरी चालतं. मोबाइलवरचे तंबोऱ्याचे अॅप सुरात असतात. अडचण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरची आहे, तो खर्ज गिळून टाकतो. म्हणून हेडफोन लावा, पण एकाच कानात. दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा हवा.

आता रोजचा क्रम. सकाळी 20 मिनिटं, संध्याकाळी 20 मिनिटं. पहिली पाच मिनिटं नुसतं ऐकायचं, तोंड बंद. मग सा मनातल्या मनात गायचा. तो मनात स्वच्छ ऐकू आल्याशिवाय आवाज काढायचा नाही. बहुतेकांची चूक इथंच असते. आवाज आधी सोडतात आणि मग खालून चाचपडत सुरावर चढतात. पुढे प्रत्येक स्वराला तीच घसट लागते आणि जन्मभर जात नाही. मनात सा उभा राहिला की ओठ मिटून 'म'कारात लावा, मग हलकेच तोंड उघडून 'आ'. श्वास पोटातून भरलेला, खांदे खाली. आवाज थरथरायच्या आधी थांबा. दम संपेपर्यंत रेटलेला सा शेवटी हमखास उतरतो आणि उतरलेलाच कानात बसतो.

सा लागला हे कसं ओळखायचं? तंबोऱ्याचा सा सेकंदाला 240 कंपनांचा आणि तुमचा 243 चा असेल, तर दोघं मिळून सेकंदाला तीन हेलकावे घेतात. कानाला ती एक लाट जाणवते, वाँव-वाँव अशी. तुम्ही जवळ जाल तशी लाट संथ होते. अगदी मिळालात की लाट थांबते आणि आपला आवाज तंबोऱ्यात विरघळल्यासारखा होतो, तो वेगळा ऐकूच येत नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला आवाज बंद पडला असं वाटून मी थांबलो होतो.

आवाज किती मोठा काढायचा? तंबोरा ऐकू येत राहील इतकाच. मी दिवसभर हळदीच्या सौद्यात बोंबलून बोली सांगणारा माणूस. घरी रियाजालाही तसाच आवाज लावायचो. आमच्या बाईंनी, म्हणजे माझ्या गाण्याच्या गुरूंनी, एकदा माझ्या हातातला तंबोरा थांबवला आणि विचारलं, "आत्ता तंबोरा वाजत होता का?" मी म्हणालो, "हो, बाई." "मग त्याचा पंचम उतरलाय, ते कसं कळलं नाही तुम्हाला?" पंचमाची तार खरोखरच उतरली होती, आणि माझ्या आवाजाच्या खाली ती मला ऐकूच आली नव्हती.

सूर दाखवणारे मोबाइलवरचे मीटर आठवड्यातून एकदा पडताळ्याला ठीक. रोज काट्याकडे बघून गाऊ नका. डोळा कामाला लागला की कान आळसावतो.

तीन महिन्यांनी सा सोबत पंचम जोडा, मग वरचा सा, मग गंधार.

पलटे आणि भूप

पलटे म्हणजे ठरावीक क्रमाने स्वर घेण्याचा सराव. सारेगम, रेगमप, गमपध हे ठाऊक असतीलच. ते अतिसंथ लयीत करा. एका मात्रेला एक स्वर, आणि प्रत्येक स्वर सा इतकाच स्थिर. लय वाढवायची घाई करणाऱ्याचे स्वर एकमेकांत चिकटतात. आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, करण्याआधी सरगमीत करा, कारण स्वराचं नाव तोंडात असलं की तो कुठं आहे याचा अंदाज पक्का होतो.

पहिला राग बहुतेक ठिकाणी भूप किंवा यमन देतात. माझं मत भूपाच्या बाजूने आहे. पाचच स्वर, सा रे ग प ध, सगळे शुद्ध. मध्यम-निषाद नसल्यामुळे स्वरांमध्ये मोकळी जागा असते आणि चूक लपत नाही. भूपातल्या रचना आपल्या देवळांतून, भजनांतून लहानपणापासून कानावर असतात, तोही आधार मिळतो. एका भूपावर वर्ष काढलंत तरी काही बिघडत नाही. मी सव्वा वर्ष काढलं.

आठव्या महिन्याचं संकट

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून ठळकपणे लिहितो. साधारण सात-आठ महिने नेमाने रियाज झाला की एके दिवशी वाटतं, आपण पूर्वीपेक्षा वाईट गातोय. रेकॉर्डिंग ऐकवत नाही. पुष्कळ जण इथं शिकवणी सोडतात.

गाणं बिघडलेलं नसतं. कान गळ्याच्या पुढे गेलेला असतो. ज्या चुका आधी ऐकूच येत नव्हत्या त्या आता खुपायला लागतात. म्हणून पहिल्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी एकच पलटा आणि एकच बंदिश (रागात बांधलेली रचना) मोबाइलवर रेकॉर्ड करून तारखेनिशी ठेवा. संकटाच्या दिवशी पहिल्या महिन्यातलं रेकॉर्डिंग काढून ऐका. मी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बसलो.

गुरू कसा शोधावा

व्हिडिओ बघून माहिती मिळते, पण तुमचा रिषभ उतरतोय हे तो सांगत नाही. समोर माणूस हवा.

सांगली-मिरजेत शिकवणारे पुष्कळ आहेत. फी विचारण्याआधी एक गोष्ट विचारा: "वर्गात एक दिवस मागे बसून ऐकू का?" नाही म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. बसायला मिळालं तर तीन गोष्टी बघा. शिकवताना तंबोरा सुरू असतो का, की नुसती पेटी बडवली जाते? चुकलेल्या विद्यार्थ्याला चूक कुठं झाली ते गाऊन दाखवतात का, की 'पुन्हा' एवढंच म्हणतात? आणि वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलाला किती वेळ देतात? तिसरी गोष्ट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. हुशार विद्यार्थ्याला घडवणारे खूप मिळतात. सहा महिन्यांत स्टेजवर उभं करतो म्हणणाऱ्यांच्या क्लासला मीही पैसे भरले होते. दोन वर्षांत तिथं बारा गाणी पाठ झाली आणि सा एकदाही लागला नाही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्या, मंडळाचं कार्यालय मिरजेतच आहे. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या. अभ्यासाला शिस्त लागते, तारीख डोळ्यांसमोर राहते. वर्षाला दोन परीक्षा उरकायच्या भरीस मात्र पडू नका.

ऐकणं

अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि 1937 साली गेले. मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि दरवर्षी उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ तिथं संगीत सभा होते. देशभरातले कलाकार येऊन गातात, वाजवतात. सांगली-मिरजेच्या माणसाने ती चुकवू नये. सतरंजीवर पहाटेपर्यंत बसा. समोरचा गवय्या पहिली पंधरा मिनिटं सुराशी काय करतो, नेमकं तेवढंच ऐका. नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईच्या देवळातही संगीत महोत्सव असतो.

घरी खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं ऐका. तीन-साडेतीन मिनिटांचीच आहेत. एकच मुद्रण महिनाभर, रोज. आधी ऐकून, मग सोबत गुणगुणून, मग बंद करून आठवून. दहा गायक वरवर ऐकण्यापेक्षा यातून कान लवकर तयार होतो.

आपल्या गळ्याचं गाणं

वर्ष-दोन वर्षांनी गळ्याचा स्वभाव कळतो. माझा आवाज जाड आहे, वेगवान ताना त्यावर ठरत नाहीत. पहिली काही वर्षं मी त्या तानांमागे धावलो आणि गळा दुखवून घेतला. मग बाईंनी गायक अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट सांगितली. ऐन उमेदीत अतोनात गाऊन त्यांचा आवाज बसला आणि दोनेक वर्षं परतला नाही. परतला तोही पहिल्यासारखा नव्हता. त्यांनी उरलेल्या आवाजाला मानवेल अशी नवी, पेचदार गायकी बांधली, आणि कोल्हापूर दरबारात राहून तिच्यावर एक घराणं उभं केलं. बाईंनी त्या दिवसापासून माझ्या ताना बंद केल्या आणि संथ आलापी, अभंग आणि मध्य लयीतली नाट्यपदं यांवर मेहनत करून घेतली. आज मला बोलावतात ते त्यासाठीच.

गळ्याची निगा

दिवसभर पाणी घोट घोट प्या. ओरडू नका, आवाज बसला असताना कुजबुजूही नका, त्यानेही गळ्यावर ताण येतो. सर्दी-खोकल्यात रियाज म्हणजे ऐकणं आणि मनातल्या मनात गाणं. ज्येष्ठमधाची कांडी चघळल्याने बरं वाटतं, पण ते औषध नव्हे. तीन आठवड्यांच्या वर आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन स्वरयंत्र दुर्बिणीतून तपासून घ्या. चुकीच्या पद्धतीने गाणाऱ्यांच्या, ओरडणाऱ्यांच्या स्वरपडद्यांवर गाठी येतात. वेळेत कळलं तर विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामाने बहुतेकदा भागतं. हळदीच्या हंगामात मी तोंडाला रुमाल बांधूनच यार्डात उभा राहायचो, आणि बोली सांगायचं काम मालकांना विनंती करून दुसऱ्याला दिलं. पगारात 400 रुपये कमी झाले. ते मी गाण्याच्या खर्चात धरले.

लोकांसमोर

तिसऱ्या वर्षाच्या आत एकट्याने स्टेजवर बसू नका, पण पहिल्याच वर्षी लोकांत मिसळा. गल्लीतल्या भजनी मंडळात मागे टाळ धरून बसा आणि ध्रुपदाला, म्हणजे अभंगाच्या पालुपदाला, सूर मिळवा. तिथं कुणी तुम्हाला जोखत नाही, आणि चाळीस लोकांच्या गलक्यात आपला सूर धरून ठेवायची सवय लागते. मग गुरूंच्या मागे तंबोऱ्याच्या साथीला बसा. मी साडेतीन वर्षं बसलो, आणि भीती तिथंच गेली.

पहिल्या कार्यक्रमासाठी दहा मिनिटं पुरेत: एका रागातली एक बंदिश आणि एक अभंग. दोन्ही किमान सहा महिने घासलेले. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ज्या गावात मराठी नाटक उभं केलं त्या सांगलीत पहिल्याच खेपेला गाजलेलं नाट्यपद घेऊ नका. पुढच्या रांगेतल्या आजोबांना त्यातली जागा न् जागा पाठ असते. तबलजींबरोबर आधी दोनदा तरी बसा, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं येते ते एकमेकांना माहीत हवं. माइकवाल्याला सांगून तंबोऱ्याचा आवाज तुमच्या बाजूच्या स्पीकरमध्ये घ्या. हॉलमध्ये तंबोरा ऐकू न आल्यामुळे चांगले गाणारेही सरकतात. दुपारी हलकं जेवण, गाण्याआधी अर्धा तास बोलणं बंद, आणि पडद्यामागे फक्त मंद्रातला सा.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करून ठेवा, पण त्याच रात्री ऐकू नका. कौतुक कानात असतं, नाहीतर निराशा. तिसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन बसा, सूर जिथं सरकला तिथली मिनिटं-सेकंद टिपून ठेवा आणि त्यातल्या तीनच जागा निवडून पुढच्या शिकवणीला गुरूंसमोर न्या. माझ्या पहिल्या कार्यक्रमाच्या वहीत 31 जागा आहेत. गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमाच्या चार निघाल्या. त्यांतल्या दोन भूपातल्या धैवताच्या आहेत, आणि सध्या पहाटेचा रियाज त्यावरच चालू आहे.